हजेरीवरची गाडी

"आला का रे मोहन्या?"

फाटकातून पांढरी गाडी आत सरकली, तिचे दिवे ओट्यावर पडले आणि भिकाबाईने डोळ्यांवर आडवा हात धरून विचारलं. गाडीतल्या माणसाने दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"व्हय याडी. आलो," तो म्हणाला.

"लई उशीर केलास. पाणी निवून गेलं की. थांब, परत ठेवते."

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि भिंत धरत आत गेली. आता यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. लेक कामावरून घरी आला, आईने हातपाय धुवायला पाणी ठेवलं. नवल एवढंच, की मोहनसिंग आडे मरून दीड महिना उलटला होता. गाडीतून उतरलेला हा त्याचा थोरला भाऊ, भीमसिंग. आणि त्याने 'व्हय' म्हणायची ही काही पहिली वेळ नव्हती.

डोंगरकडा गावाच्या रस्त्याला लागून 'आडे बंधू' हे ठिबक, पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, बाजूला फाटक. बाप ऊसतोडीचा मुकादम होता. तांड्यातल्या नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन कारखान्यावर जायचा आणि पुढच्या साली परत जायचा. त्याने मरताना पोरांना एकच सांगितलं, की कोयता हातात घेऊ नका. म्हणून हे दुकान. भीमसिंग तेव्हा एकविसाचा होता. तो गल्ल्यावर बसला तो बसलाच. सत्तावीस वर्षं त्याच लाकडी खुर्चीवर. मध्ये लग्न झालं, बायको तिसऱ्या वर्षी काविळीने गेली. पुन्हा लग्नाचं त्याने मनावर घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर घरानेही घेतलं नाही. दुकान चालत होतं, भीमसिंग दुकानात होता, त्याची कुणाला काही तक्रार नव्हती.

मोहनसिंगचं तसं नव्हतं. धाकटा, उंच, बोलका. गावोगाव जायचा, शेतात उभा राहून पाइप मोजायचा, गिऱ्हाइकाच्या घरी जेवून यायचा. त्याची जुनी डिझेल जीप वळणावर आली की आख्ख्या तांड्याला कळायचं. भिकाबाई ओट्यावरून उठायची, चुलीवर पाणी ठेवायची, आणि जीप फाटकात येईपर्यंत पाण्याला आधण आलेलं असायचं. भीमसिंगसाठी असं पाणी कुणी कधी ठेवलं नाही. कसं ठेवणार? तो कुठून येतच नव्हता. दुकानाचं मागचं दार उघडलं की घर. जो माणूस जात नाही, त्याची वाट कोण बघणार?

गाडीचा विषय निघाला तो भीमसिंगमुळेच. जीप धूर ओकायला लागली होती. दोघे भाऊ हिंगोलीला सत्यशीला मॅडमकडे गेले. मॅडम त्यांच्या धंद्याचं टॅक्सचं सगळं बघायच्या. शांत बाई, पण समोरच्याला समजेपर्यंत सोडायची नाही.

"डिझेल घेतली तर वर्षाला पंधरा टक्के घसारा मिळेल," त्या म्हणाल्या. "विजेवरची घेतली तर चाळीस टक्के. म्हणजे नफ्यातून तेवढी रक्कम वजा, टॅक्स कमी. कर्ज काढलंत तर व्याजही खर्चात जाईल. जीएसटीही पाचच टक्के आहे, पण ते परत मिळेल या भरवशावर राहू नका. माणसं बसायची गाडी आहे. मालाची असती तर गोष्ट वेगळी."

"मला मालाचीच पायजे," मोहन म्हणाला. "पिकअप घेऊ दादा. पाइप कशात टाकू, तुझ्या घसाऱ्यात?"

मॅडम हसल्या. भीमसिंग हसला नाही. त्याच्या डोक्यात चाळीसचा आकडा बसला होता.

"पाइप गिऱ्हाईक आपलं आपण नेतं," तो म्हणाला. "तू बोलायला जातोस. बोलायला कशाला पिकअप लागती?"

"आणि एक ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "मार्चअखेरपर्यंत गाडी एकशे ऐंशी दिवस वापरात असली पाहिजे. नाहीतर अर्धाच घसारा. यंदा दसरा दोन तारखेला आहे, तेव्हा घेतलीत तर बसतं. चार तारखेला आणलीत तर गेलं. आणि घरच्या कामाला फिरवलीत, तर तेवढा खर्च धंद्यात धरता येणार नाही."

झालं. दसऱ्याला गाडी आली. आपट्याची पानं काचेपुढे ठेवली, नारळ फुटला, भिकाबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मोहनने गाडी फाटकातून आत घेतली तेव्हा ओट्यावरची कुत्री उठलीसुद्धा नाहीत.

"दादा, हिला आवाजच न्हाई की रे," तो म्हणाला. "याडीला कसं कळंल म्या आलो ते?"

"हॉर्न वाजव," भीमसिंग म्हणाला.

मोहन वाजवायचाही. पण दमून आलेला माणूस रोज थोडाच हॉर्न वाजवतो?

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. दिवेलागणीला मोहनची गाडी फाटकात येऊन थांबली. भीमसिंगने दुकानातून ती पाहिली. काच वर होती. मोहन मान खाली घालून बसला होता. फोनवर असेल, असं भीमसिंगला वाटलं. तो गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह दाखवत राहिला. मागे ओट्यावर भिकाबाई जीपच्या सवयीने कान देऊन बसली होती, आणि कानाला काही आलं नाही. गिऱ्हाईक गेलं, भीमसिंगने फाटकाशी जाऊन काचेवर टकटक केली, दार उघडलं, तेव्हा मोहनचा हात अजून गरम होता, पण दुसरं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार, लगेच आणला असता तरी सांगता आलं नसतं. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. भीमसिंगने मात्र मनात हिशेब मांडून टाकला. जीप असती तर याडी वळणापासून उठली असती. जीप काहून नव्हती? चाळीस टक्के. हे चाळीस टक्के त्याच्या नरड्यात अडकले ते अडकलेच.

दिवसकार्य झालं. मोहनची बायको निलम, तिचा भाऊ आला आणि रीतीप्रमाणे बहिणीला व दोन पोरींना कनेरगाव नाक्याला माहेरी घेऊन गेला. निलम जाताना सासूच्या गळ्यात पडून रडली. भीमसिंगशी ती बोलली नाही. तांड्यात सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि सांगायचं ते सासूला किंवा लेकराला सांगते, जेठाने ते ऐकून घ्यायचं. तशीच ती थोरल्या पोरीला म्हणाली, "तुझ्या मोठ्या बापूला सांग, म्या परत येईन तवा ती गाडी दारात दिसू नये."

पोरीने सांगितलं. भीमसिंगने पोरीलाच उत्तर दिलं, "आईला सांग, मार्च उलटू दे. आत्ता विकली तं घसारा बुडतो."

म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली. पण घसारा बुडवला, तर ज्याच्यापायी हे सगळं झालं तेही हाती लागत नाही. मग मोहन गेला कशासाठी? असा वेडावाकडा विचार त्याच्या डोक्यात पक्का झाला होता, आणि त्याला समजावणारं घरात कुणी नव्हतं.

त्यातून पुढचा घोळ झाला. घरी पाहुणेरावळे होते तोवर गाडी तेरा दिवस जागची हलली नव्हती. भीमसिंगला मॅडमचे शब्द आठवले, एकशे ऐंशी दिवस वापरात. आता मुकादमाच्या पोराला दिवस मोजायला शिकवायची गरज नसते. बापाच्या टोळीत रीत साधी होती. कोयता चालला तो दिवस हजेरीत, नाही चालला तो खाडा. जोडी उसाच्या फडावर आली आणि नुसती उभी राहिली, तर तिची हजेरी लागत नाही. गाडीचंही तसंच असणार. तेरा दिवस उभी, म्हणजे तेरा खाडे. दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत मोजून एकशे ऐंशीवर एकच दिवस जास्तीचा होता. भीमसिंगने पुन्हा मोजलं, आकडा बसेना. मॅडमला विचारायची हिंमत होईना. त्या म्हणाल्या असत्या, 'गेलं.'

मग त्याने बापाचाच उपाय काढला. खाडा पडलेली जोडी दोन पाळ्या करून दिवस भरून द्यायची. भीमसिंगने सकाळ-संध्याकाळ दुकानाला कुलूप घालून गाडी काढायला सुरुवात केली. लायसन जुनं होतं, हात बसलेला नव्हता. गाडी चालू केली की पुढच्या पडद्यावर अक्षरं यायची, 'मोहनचा फोन शोधत आहे'. गाडी थोडा वेळ शोधायची, मग लिहायची, 'मोहनचा फोन सापडत नाही'. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. ती अक्षरं काढायची कशी हे भीमसिंगला येत नव्हतं. दोनदा कुणाला तरी विचारावं म्हणून तो थांबला, आणि न विचारताच पुढे गेला. गाडी तरी शोधून राहिली आहे, असं त्याला वाटायचं. सीट मोहनच्या उंचीला मागे सारलेली होती. भीमसिंग आखूड. पाय पुरावेत म्हणून तो सीटच्या कडेवर येऊन बसायचा, पाठ मोकळी ठेवून. सीट काही त्याने पुढे घेतली नाही.

आधी तो नुसता रस्त्यावरून जाऊन यायचा. मग वाटलं, धंद्याची गाडी आहे, धंद्याच्या कामानेच फिरली पाहिजे. तेव्हा तो मोहनच्या गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला. काय सांगावं त्या लोकांचे हाल! गाडी बांधावर बिनआवाजाची येऊन उभी राहायची, आणि पाठमोरा माणूस वळून बघायचा तो दचकूनच. हट्टा गावाकडच्या एका शेतात फुलसिंग नावाचा म्हातारा शेळ्यांना पाला तोडत होता. त्याने गाडी पाहिली, हातातला विळा टाकला आणि सरळ पळत सुटला.

"फुलसिंगकाका, म्या भीम! दुकानवाला भीम!" भीमसिंग काच खाली करून ओरडला.

म्हातारा लांबूनच म्हणाला, "खाली उतर. पाय दाखव आधी."

भीमसिंगला उतरून पाय दाखवावे लागले. मग फुलसिंग जवळ आला, धाप लागलेली होती, आणि एकाएकी रडायला लागला. "लई भलं पोरगं व्हतं रे. मला काका म्हनायचं न्हाई, फुल्या म्हनायचं. म्या रागवायचो."

भीमसिंगला हे माहीत नव्हतं. मोहन गावोगाव काय बोलायचा, कुणाच्या घरी काय खायचा, कुणाला कसा चिडवायचा, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. जन्मापासून एका ताटात जेवलेला भाऊ, आणि त्याची ओळख आता व्हायला लागली, तो मेल्यावर. परतीच्या रस्त्याला अंधार पडायला लागायचा. गाडीत एवढी शांतता असायची की स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि कधीकधी वाटायचं की हा श्वास एकट्याचा नाही. भीमसिंग मागे वळून बघायचा नाही. भीती वाटायची म्हणून नव्हे. मागे कुणी नसलं तर, याची त्याला धास्ती होती.

तशाच एका संध्याकाळी तो पहिल्यांदा उशिरा आला. दिवे ओट्यावर पडले, आणि भिकाबाईच्या तोंडून निघालं, "आला का रे मोहन्या?"

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा कच्चा. गाडी मोहनची. 'याडी, म्या भीम हाय' असं म्हणायला भीमसिंगने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "व्हय."

भिकाबाई उठली. तिने पाणी ठेवलं. तांब्याने स्वतः त्याच्या हातांवर ओतलं. चहा केला, आलं ठेचून घातलं. जेवायला वाढून समोर बसली आणि कुठल्या गावाला गेला होतास, तिथं पिकं कशी आहेत, त्यांच्या म्हशीला रेडा झाला की पारडी, असं विचारत राहिली. भीमसिंग सांगत राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला कळेना की हे काय होऊन राहिलंय. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि भाकरी अशी गोड लागत होती की तो चौथी मागून बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळची फेरी चुकवेना. कधीकधी तर काम आटोपूनही वळणाच्या अलीकडे उगाच थांबायचा, जरा अंधार पडावा म्हणून. दुकानात बसलेल्या भीमसिंगला आता एकच ओढ लागलेली असायची, की दिवस मावळतोय कधी. वाट बघणारं माणूस घरी असलं की रस्ता कसा वेगळा लागतो, ते त्याला उतारवयात कळलं, तेही मेलेल्या भावाच्या नावावर.

मार्चच्या मध्यात वर्षाचे कागद घेऊन तो हिंगोलीला गेला. करारात आधीच लिहिलेलं होतं त्याप्रमाणे मोहनच्या जागी निलमला भागीदार करून घ्यायचं होतं. ते सगळं झाल्यावर भीमसिंग जरा छाती काढून म्हणाला, "मॅडम, गाडीचं बराबर केलंय. तेरा खाडे पडले व्हते, पण दोन-दोन पाळ्या करून भरून काढले. एक दिवस सुटला न्हाई."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "कसले खाडे?"

भीमसिंगने सांगितलं. टोळी, कोयता, हजेरी, निलमचा निरोप, सगळं. त्या ऐकत होत्या. हसण्यासारखं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

"भीमसिंगभाऊ, अहो, गाडी काय रोजंदारीवर आहे का? दसऱ्याला तिने धंद्यात पहिलं काम केलं, दिवस तिथून मोजायचे. मध्ये ती दारात उभी राहिली तरी ती धंद्याचीच, कामाला तयारच. तिला रोज पळवा असं मी कधी म्हटलं?"

"म्हंजी... पळवली नसती तरी?"

"तरी घसारा तेवढाच मिळाला असता. उगाच तकलीफ घेतलीत. उद्यापासून ठेवून द्या तिला. मार्च उलटला की निलमताई म्हणतात तसं विकून टाका."

भीमसिंग खाली आला, गाडीत बसला. गाडीने मोहनचा फोन शोधला. आता फिरायचं कारण उरलं नव्हतं. कायद्याने नाही, धंद्याने नाही. त्याने मॅडमना विचारायलाच नको होतं, असं त्याला फार वाटलं. आणि त्या संध्याकाळी तो वळणावर अंधार पडेपर्यंत थांबला.

चार दिवसांनी निलम परत आली. सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधीच आली, न कळवता. भीमसिंगची गाडी फाटकात शिरली तेव्हा ती आतल्या खोलीत पोरींची बोचकी सोडत होती. तिने सासूची हाक ऐकली, "आला का रे मोहन्या?" आणि बाहेरून आलेलं उत्तर ऐकलं. आवाजही भीमसिंगचा राहिला नव्हता, जरा मोठा, जरा हसरा झाला होता. "आलो याडी. भूक लई लागली."

भिकाबाई पाणी ठेवायला मागे गेली. निलम ओट्यावर आली. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला होता आणि तिने तो सावरला नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत पहिल्यांदा ती जेठाच्या डोळ्यांत बघून बोलली.

"दादा. तुमी त्यायच्या नावाला ओ देऊन राहिले?"

भीमसिंगला गाडीचं दार लावायचंही सुचलं नाही.

"गाडी तुमीच आणली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "पोरीला ताप व्हता, तवा धंद्याची गाडी हाय म्हून तुमी नेऊ दिली न्हाई. ते गाडीत मेले. आता त्यायचं नाव बी घेतलं तुमी? मेल्या माणसाजवळ दुसरं काय असतं हो? नावच असतं की. माझ्या पोरींला ते पुरायचं हाय जल्मभर."

"निलम, म्या मुद्दाम..."

"याडीला सांगा. आत्ता सांगा. न्हाई तं म्या सांगते."

भीमसिंग ओट्याच्या पायरीवर बसला. भिकाबाई तांब्या घेऊन आली, वाकून त्याच्या हातांवर पाणी ओतायला लागली. त्याने हात मागे घेतले. पाणी फरशीवर सांडलं.

"याडी," तो म्हणाला. "म्या मोहन न्हाई. म्या भीम हाय."

म्हातारीने तांब्या खाली ठेवला. पदराने हात पुसले. मग म्हणाली, "ठाऊक हाय."

"कवापासून?"

"कवापासून म्हंजी? पयल्या दिसापासून. डोळ्यावर पडदा हाय, अकलेवर न्हाई. मोहन उतरला की आधी पोरींला हाका मारायचा. तू उतरतोस आन चोरावाणी उभा राहतोस."

निलम दारात होती. ती आत जायला वळली होती, ती थांबली.

"मंग मोहन काहून म्हनलीस?" भीमसिंगने विचारलं.

भिकाबाई त्याच्या शेजारी बसली. "घरात त्याचं नाव कोण घेऊन राहिलं सांग. तू 'तो' म्हनतोस. सून तं पयल्यापासून नाव घेत न्हाई. पोरींला मामानं सांगून ठेवलं, आजीपुढं बापाचं नाव काढू नका, ती रडती. अरे, रडू द्या की! म्या रोज दहादा ते नाव घेत व्हते. ते तोंडातल्या तोंडात साठून राहिलं तं म्या गुदमरून मरन. त्या दिवशी दिवे पडले आन निसटलं. म्या म्हनलं, आता हा म्हनंल, याडी, म्या भीम हाय. तू व्हय म्हनलास. मला लई हलकं वाटलं रे, लेकरा."

जे विचारायचं नव्हतं, तेच भीमसिंगने विचारलं, लहान पोराने विचारावं तसं. "माझं नाव काहून न्हाई घेतलं? एक दिवस तरी भीम म्हनायचं."

"भीम म्हनलं असतं तं तू काय केलं असतं?" म्हातारी म्हणाली. "'काय काम हाय?' म्हनला असतास. बाप मेला तवापासून तुला हाक मारली की तू काम विचारतोस. काम सांगितलं की करतोस, आन परत दुकानात जाऊन बसतोस. मोहन म्हनलं तं तू बसलास. माझ्यासमोर जेवलास. फुलसिंगच्या शेळ्यांचं सांगितलंस, हसलास. मला दोन पोरं व्हती, भीम्या. एक तं गेलंच. दुसरं कवा दुकानात गेलं ते मला कळलंच न्हाई. ते त्या नावानं परत येऊन राहिलं, तं म्या काहून आडवू?"

भीमसिंगने गुडघ्यात डोकं घातलं. मोहन गेला तेव्हा माणसं होती, सामान आणायचं होतं, लाकडं मोजायची होती. तेव्हा तो रडला नव्हता. आता तो असा रडला की आतून पोरी धावत आल्या. निलमने त्यांना थांबवलं. तिने पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता, पण ती आत गेली नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसली आणि तीही रडू लागली, मोठ्याने, मोहनचं नाव घेऊन. बारा वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं.

"मार्च संपला की गाडी जाईल याडी," थोड्या वेळाने भीमसिंग म्हणाला.

"जाऊ दे. म्या काय गाडीला हाका मारत व्हते?"

एप्रिलमध्ये वसमतच्या एका मास्तरांनी गाडी नेली. नेण्याआधी त्यांच्या पोराने पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं आणि मोहनचा फोन काढून टाकला. त्याला क्षणभरही लागलं नाही. गाडी फाटकातून निघाली आणि नेहमीसारखीच काही न बोलता रस्त्याला लागली.

उन्हाळ्यात ठिबकला गिऱ्हाईक दाटून येतं. निलम आता दुकानात बसते. कागदावर भागीदार झाली आहे, मग कामातही झाली. पदर डोक्यावर असतो, पण गिऱ्हाइकांसमोर जेठाशी सरळ बोलते. तांड्यात यावर काही दिवस चर्चा झाली, मग बंद पडली. अशाच एका संध्याकाळी गल्ल्यासमोर दोघेतिघे उभे होते, भीमसिंग एकाला बिल करून देत होता, अर्धा आकडा लिहून झाला होता, आणि मागच्या ओट्यावरून हाक आली.

"मोहन्या! अरे मोहन्या!"

गिऱ्हाईक चपापलं. ते डोंगरकड्याचंच होतं, त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने आधी मागच्या दाराकडे बघितलं, मग भीमसिंगकडे.

"व्हय याडी, आलो," भीमसिंग म्हणाला.

त्याने पेन ठेवलं आणि खुर्चीवरून उठला. काय काम आहे, हे विचारलं नाही. मागचं दार उघडून आत गेला.

"म्हातारीला कोणी सांगितलं न्हाई का अजून?" गिऱ्हाइकाने खालच्या आवाजात निलमला विचारलं.

निलम उठून भीमसिंगच्या खुर्चीवर बसली. अर्धवट राहिलेलं बिल तिने पुढे ओढलं.

"दादांनाच हाक मारली," ती म्हणाली. "बसा भाऊ. तुमचा पाइप सोळाचा का वीसचा?"